दिव्याभोवतीचं जाळं

वृषाली इंगवले चिडली की आवाज चढवत नसे, हातातलं काम खाली ठेवत असे. त्या दिवशी तिनं पॉलिशचं मशीन खाली ठेवलं, हातमोजे काढले आणि समोरच्या कोऱ्या व्हॅनच्या दोन दारांमधल्या खांबावरून बोट फिरवत अनसूया चौगुलेला सांगितलं, की बाई, ही गाडी ठोकलेली आहे.

अनसूयाबाईला आधी ती थट्टा वाटली. कोल्हापुरात शाळेच्या पोरांची ने-आण करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती, आणि जुनी खटारा काढून ही नवी बॅटरीवरची व्हॅन घेऊन चारच दिवस झाले होते. शोरूममधून थेट अंबाबाईला, तिथून घरी, आणि आज रंगावर संरक्षक थर चढवून घ्यायला इथे. ठोकायला वेळ तरी कुठे मिळाला होता? तिनं तसं म्हणूनही दाखवलं.

"तुम्ही नाही ठोकली," वृषाली म्हणाली. "तुमच्याकडे यायच्या आधीच ठोकली गेलीय. इकडे या, ह्या ट्यूबकडे बघा."

वृषालीच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या रंगातले दोष काढायचं काम चालायचं, आणि तिथले दिवे बघून नवखा माणूस बुचकळ्यात पडायचा. झगझगीत पांढरा उजेड तिथे नव्हताच. सगळीकडून सारखा उजेड पडला की रंगातले सगळे दोष त्यात बुडून जातात, मग तो उजेड काय चुलीत घालायचाय, असं तिचं म्हणणं. म्हणून तिच्याकडे छताला लोंबणारा एक उघडा बल्ब होता, भिंतीवर सरळ रांगेत लावलेल्या ट्यूब होत्या, आणि फिकट रंगांसाठी एक पिवळ्या उजेडाचा टॉर्च. बल्ब दाखवायचा ओरखडे. कापडानं पुसताना पडलेले बारीक ओरखडे आडवेतिडवे कसेही असतात, पण दिवा, ओरखडा आणि डोळा यांचा कोन जुळला तेवढेच चमकतात. म्हणून ते दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल जाळं विणल्यासारखे दिसतात, आणि डोकं हलवलं की जाळंही सोबत सरकतं. ट्यूब दाखवायची पत्र्याची लबाडी. पत्रा सरळ असेल तर ट्यूबची रेघ त्यात सरळ दिसते, आत पुट्टी भरली असेल तर रेघ लचकते. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच गोष्ट सांगायची, की गाडीकडे बघू नका, गाडीत दिसणाऱ्या दिव्याकडे बघा.

अनसूयाबाईनं बघितलं. मधल्या खांबावर ट्यूबची रेघ चांगलीच लचकली होती. वृषालीनं रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं, तर तिथे रंगाखाली पुट्टीचा भलामोठा थर निघाला. ट्रेलरवरून उतरवताना गाडी घसरली असणार, खांब चेपला असणार, आणि कुणीतरी तो नीट न बदलता नुसता भरून, रंगवून दिला होता. मागच्या सीटचे पट्टे ह्याच खांबाला अडकवलेले होते. उद्या कुणी बाजूनं धडकलं तर पट्ट्यांसकट खांब आत येणार, आणि पट्ट्यांत पोरं असणार.

अनसूयाबाईनं खांबावरून स्वतःचा हात फिरवून बघितला. मग जे बोलली ते वृषालीला थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

"पण ताई, गाडी तर तुमच्याच नजरंनं पास झालीया. तसा बोर्डच लावलाय की तिथं, तुमच्या फोटोसकट. त्यो बघूनच मी घेतली."

आता ह्या बोर्डाची गोष्ट सांगायला हवी, म्हणजे तिच्या धाकट्या भावाची गोष्ट सांगायला हवी.

निनाद कॉलेजात असताना ताईच्या वर्कशॉपमध्ये येऊन बसायचा. आई-वडील लवकर गेल्यावर वृषालीनंच त्याला वाढवलेलं. तेव्हा तिच्याकडे स्टँड नव्हता, म्हणून तो तापलेला बल्ब हातात धरून उभा राहायचा आणि ती गाडी न्याहाळायची. ताई, हात भाजतोय, असं तो म्हणायचा अवकाश, ती लगेच दिवा त्याच्या हातातून काढून घ्यायची. त्याच्याही आधी, जाळं पहिल्यांदा दिसलं तेही त्यालाच. दसऱ्याला वर्कशॉपमधल्या यंत्रांची पूजा करून वृषाली एका गिऱ्हाइकाच्या काळ्या गाडीला ओवाळत होती, तेव्हा निनाद वाकून म्हणाला होता, ताई, बघ, निरांजनाभोवती जाळं दिसतंय. तोवर ती गाडी स्वच्छ आहे असंच दोघं समजत होती. तिची सगळी विद्या त्या एका निरांजनापासून सुरू झाली.

पुढे निनाद प्रकाशाचा इंजिनीअर झाला आणि त्यानं ते छत बनवलं. लोक त्याला डोळस छत म्हणत. छतभर हरभऱ्याएवढे हजारो दिवे, आणि प्रत्येक दिवा वेगवेगळ्या दिशांना कमीजास्त उजेड फेकू शकणारा. सोबत कॅमेरे. खोलीत कोण कुठे उभं आहे, कुणाचे डोळे कुठून कुठे बघताहेत, हे छताला क्षणोक्षणी कळायचं. पत्र्याचा उंचसखलपणा ते आधीच मोजून ठेवायचं, आणि मग बघणाऱ्याच्या डोळ्याला दोष दिसेल नेमके तेच दिवे वाढवायचं. शिकाऊ माणसालाही ओरखडा आपोआप दिसायला लागायचा. दोष कुठून कसा दिसतो हे छताला शिकवलं ते वृषालीनं. अख्खा हिवाळा ती डोक्याला कॅमेऱ्याची टोपी बांधून गाड्यांभोवती फिरली आणि निनादचं यंत्र तिची नजर टिपत राहिलं. भावाचं काम म्हणून तिनं ते आनंदानं केलं. वैजयंत मोटर्स ह्या बड्या शोरूमनं छत बसवलं तेव्हा तिचा फोटो लावायला परवानगी मागितली, तीही तिनं हसत दिली. आपल्या नजरेचं चीज झालं, असं वाटलं तिला. वाटणारच.

ती अनसूयाबाईला घेऊन त्याच व्हॅनमधून शोरूमला गेली. दारातच पहारेकऱ्यानं टॉर्च काढून घेतला, दोघींचे मोबाईलही ठेवून घेतले. बाहेरच्या उजेडानं छताचं गणित बिघडतं, असं तो पाठ केल्यासारखं म्हणाला. मॅनेजर देशिंगकर अगदी गोड माणूस. त्यानं चहा मागवला, वृषालीताई म्हणजे आमच्या शोरूमची शान वगैरे बोलून घेतलं, आणि व्हॅन आत घ्यायला लावली. या की, तुम्हीच बघा, म्हणाला.

वृषालीनं बघितलं. खांबावर काही नव्हतं. तासाभरापूर्वी ज्या जागी रेघ लचकलेली तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, तिथे पत्रा पाण्यासारखा सपाट होता. ती वाकली, गुडघ्यावर बसली, डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. कुठूनही काही नाही. बोनेटवर ओरखड्याचा मागमूस नव्हता. अर्धा जन्म ह्यात घालवलेल्या बाईला क्षणभर वाटलं, आपलंच डोकं फिरलंय.

मग तिच्या लक्षात आलं. ती जिथे बघायला जाई, तिथलाच उजेड तिच्या आधी बदलत होता. दोष दाखवणारे दिवे वाढवण्याऐवजी छत नेमके तेच विझवत होतं. तिचा डोळा पुढे कुठे जाणार हे त्याला ठाऊक होतं, कारण ते तिनंच त्याला शिकवलं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती देशिंगकरला सरळ म्हणाली की हे छत खोटं बोलतंय. तो हसला. गाडी इथून गेली तेव्हा चारी बाजूंनी चित्रीकरण झालेलं आहे, म्हणाला, त्यात डाग नाही. बाहेर गेल्यावर चार दिवसांत काय घडलं ते अनसूयाबाईंना ठाऊक. जाडी मोजायच्या यंत्राचा आकडा तिनं सांगितला, त्याचंही त्याला काहीच वाटलं नाही. पुट्टी काय, चार दिवसांत कुठल्याही गॅरेजात भरून मिळते. शिवाय नजर तर तुमचीच आहे ताई, तुम्हीच तुमच्या विरुद्ध साक्ष देणार का? अनसूयाबाईचा चेहरा उतरला. येताना वृषालीच्या बाजूनं बसलेली ही बाई परत जाताना खिडकीबाहेर बघत राहिली. तिला आता दोघांपैकी कुणाचाच भरवसा वाटत नव्हता, आणि त्यात तिचं काहीएक चुकलं नव्हतं. वर्कशॉपपाशी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, की सोमवारपासून पोरं ह्या गाडीत बसवू का नको. नको, असं वृषाली म्हणाली. मग शाळा दुसरी व्हॅन बघंल, एवढं बोलून ती गेली.

निनादचं ऑफिस उद्यमनगरात होतं. तिथे जाईपर्यंत वृषालीला एकच आशा होती, की त्याला ह्यातलं काही माहीत नसेल.

त्यानंही तेच सांगितलं. कानावर हात ठेवले. ताई, मी यंत्र विकतो, म्हणाला. गणित एकच आहे, दाखवायचं की झाकायचं हा एका बटणाचा प्रश्न. शोरूमवाल्यांनी बटण कुठे फिरवलं ते मला कसं कळणार? तो इतक्या कळवळून बोलत होता की वृषाली निम्मीअर्धी विरघळली. हातानं भरवलेला भाऊ होता तो. तिनं त्याला म्हटलं, मग आत्ताच्या आत्ता फोन कर आणि बटण फिरवायला लाव. त्यावर त्यानं मान खाली घातली. दसरा होऊ दे, म्हणाला. दसऱ्याला तिथे एकाच वेळी ओळीनं गाड्या द्यायच्या आहेत, अख्ख्या गर्दीला पुरेल असं नवं छत त्या दिवशी पहिल्यांदा चालणार आहे, आणि ते बघायला परगावाहून मंगल कार्यालयांचे मालक, सराफ, फ्लॅट विकणारे येणार आहेत. भिंतीची ओल, हिऱ्यातला डाग, नवरीच्या गालावरचे व्रण, सगळ्यांनाच हे छत हवं आहे. तेवढा दिवस पार पडू दे. आणि ताई, तूही ये. पहिल्या गाडीला तू ओवाळ. ज्या बाईची नजर छतात आहे तिनंच ओवाळलं तर किती शोभेल.

हिऱ्याचं आणि नवरीचं ऐकूनही वृषाली गप्प राहिली असती कदाचित. पण त्याच्या टेबलावर एक खोकं उघडं होतं आणि त्यात निरांजनं होती. चंदेरी, सुबक, विजेवर चालणारी. एक उचलून तिनं कळ दाबली. ज्योत थरथरली, अगदी खऱ्यासारखी. ही कशाला, असं तिनं विचारलं, तर तो कामाच्या भरात सांगून गेला. बॅटरीच्या गाड्या म्हणून शोरूममध्ये खरी ज्योत चालत नाही, आगीचा धोका. म्हणून पूजेच्या ताटात ही. आणि ही छताशी जोडलेली आहेत, ज्योत जिकडे हलेल तसं छत स्वतःला जुळवून घेतं.

वृषालीनं निरांजन पालथं केलं. तळाशी निनादच्या कंपनीचं चिन्ह होतं.

"हे देशिंगकरला सुचलं?" तिनं विचारलं.

निनाद खोक्यातली निरांजनं उगाच नीट लावायला लागला.

त्याला बोलायची गरजही नव्हती. आगीची काळजी देशिंगकर करील, कुणीही करील. पण ओवाळताना ज्योत बोनेटजवळ येते, आणि त्या ज्योतीभोवती जाळं दिसतं, हे साऱ्या जगात एकाच माणसाला आधीपासून ठाऊक होतं. छताची लबाडी ज्याच्यापुढे चालणार नाही असा एकच दिवा नव्या गाडीजवळ येतो, आणि तो आणते घरातली बाई. म्हणून त्यानं बसून, विचार करून, त्या बाईच्या हातातला दिवा बदलला होता. बटण कुणी फिरवलं ते माहीत नाही म्हणे. मेल्यानं बटण फिरवून झाल्यावर भोकंसुद्धा बुजवली होती.

"खांबात पुट्टी भरलेली आहे, निनाद," ती म्हणाली. "त्या खांबाला पोरांचे पट्टे आहेत."

ते आपण नंतर बघू, मी स्वतः देशिंगकरांशी बोलतो, असं काहीबाही तो पुटपुटला. वृषालीनं निरांजन खोक्यात ठेवलं. दसऱ्याला येते, असं म्हणून ती निघाली, आणि भाऊ इतका खूश झाला की तिला जिन्यापर्यंत सोडायला आला.

दसऱ्याच्या सकाळी वैजयंत मोटर्स नुसतं फुललं होतं. झेंडूच्या माळा, सनई, रेशमी साड्या, फेटे बांधलेली पोरं, आणि डोळस छताखाली ओळीनं उभ्या गाड्या. एकावरही धूळ नाही, डाग नाही, लाट नाही. कुणाचं कर्ज, कुणाची पुंजी, कुणाचं स्वप्न असं एकेक तिथे झळाळत उभं होतं आणि माणसं हरखून आपल्या गाडीत आपलं रूप बघत होती. त्या रूपातही एक सुरकुती दिसत नव्हती. परगावचे पाहुणे माना वर करकरून छताकडे बघत होते. वृषालीनं अनसूयाबाईला मुद्दाम सोबत आणलं होतं. ती दाराशी हाताची घडी घालून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आता तरी काय दाखवताय ते दाखवा असं स्पष्ट लिहिलं होतं.

पाहुणीच्या ताटाला पहारेकऱ्यानं हात लावला नाही. कोण लावील? ताटात झेंडू होता, हळदकुंकू, अक्षता, सुपारी, आणि फुलांखाली आईचं पितळी निरांजन, तुपात भिजवलेली फुलवात घालून. काडेपेटी वृषालीच्या कमरेला होती.

पहिली गाडी काळी होती. ती घेणारं जोडपं शाहूपुरीतलं, बेकरी चालवणारं. बाई पुढे येऊन वृषालीच्या पाया पडली. देशिंगकरनं विजेचं निरांजन पुढे केलं. वृषालीनं ते घेऊन बाजूला ठेवलं, फुलं सारली आणि सगळ्यांसमोर काडी ओढली.

ज्योत लागली. देशिंगकर ताई ताई करत पुढे आला, पण तोवर ताट बोनेटजवळ गेलं होतं. छतानं आपल्याकडून शर्थ केली. त्याच्या हिशेबात नसलेला दिवा आला होता, म्हणून आधी त्यानं उजेड कमी केला, मग एकदम वाढवला. पण वितीवर आणलेल्या ज्योतीपुढे वरच्या हजारो दिव्यांचं काही चालेना. काळ्या रंगात ज्योत दिसली, आणि ज्योतीभोवती गोल, दाट, गलिच्छ जाळं. ताट सरकलं तसं जाळं सरकलं. पुढच्या चाकावर पत्र्यातली ज्योत लांबट झाली, वाकडी झाली आणि दुभंगली.

"इथे पुट्टी आहे," वृषाली बेकरीवाल्या बाईला म्हणाली. "बघा, तुमच्याच डोळ्यांनी बघा. गाडी नवी नाही तुमची."

सनई थांबली. कुणीतरी मागून काय झालं म्हणून विचारलं, आणि मग सगळेच पुढे लोटले. देशिंगकरचा गोडवा उतरला. विझवा ते, आग लागेल, असं तो पहारेकऱ्यावर खेकसला. पहारेकरी दोन पावलं पुढे आला आणि तिथेच थांबला. दसऱ्याच्या दिवशी, भरल्या लोकांत, ओवाळायचं निरांजन फुंकून विझवायचं? त्यानं हात जोडले आणि मागे सरला. देशिंगकर स्वतः वाकला, गाल फुगवले, तर बेकरीवाल्या बाईची सासू त्याच्यावर अशी कडाडली की त्यानं घेतलेला श्वास तसाच सोडून दिला. ज्योतीला हात लावायची तिथे कुणाची छाती झाली नाही.

गर्दीतून वाट काढत निनाद आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. ताई, पाया पडतो, बाजूला चल, आपण घरी बोलू, असं तो खालच्या आवाजात सांगत होता. माझं सगळं संपेल गं, म्हणाला. वृषालीनं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या पहिल्या परीक्षेपासून पहिल्या नोकरीपर्यंत तिनं ज्या डोळ्यांनी त्याला बघितलं होतं, ते डोळे त्यानं काढून छताला टांगले होते. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो संताप, आणि तो आवरायची तिला काहीच गरज वाटली नाही.

तिनं ताटातलं निरांजन उचललं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"धर," ती म्हणाली. "पूर्वी धरायचास तसं. तू दिवा धर, मी दाखवते."

आता सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते. खाली ठेवावं तर लोक बघत होते, विझवावं तर तेही होत नव्हतं. तो दुसऱ्या गाडीकडे गेला, तिसऱ्या गाडीकडे गेला. वृषाली वाकून बोट ठेवायची, त्या त्या घरची माणसं वाकून बघायची, आणि प्रत्येक गाडीपाशी आधी शांतता आणि मग कल्लोळ व्हायचा. तिसरी गाडी खरोखरच चांगली निघाली. तसं तिनं त्या घराला सांगितलं आणि गाडीला हळदकुंकूही वाहिलं. परगावचे पाहुणे कधी निघून गेले ते कुणाला कळलं नाही. अनसूयाबाई दारातून हलली, गर्दीत शिरली आणि वृषालीच्या शेजारी येऊन उभी राहिली. देशिंगकरला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, आता माझी गाडी आत घ्या, आन् ह्याच दिव्यानं बघा.

ओळ निम्मीच झाली होती. तूप उकळलं होतं, पितळ तापलं होतं, आणि निनाद निरांजन ह्या हातातून त्या हातात करायला लागला होता.

"ताई," तो हळूच म्हणाला, "हात भाजतोय."

वृषालीचा हात सवयीनं पुढे गेला. तिनं तो तसाच मागे घेतला.

"भाजू दे," ती म्हणाली. "पुढची गाडी."